दिवाळी अंकांच्या मुद्रितशोधनाच्या हंगामात चार फोन वापरून पाहिले, त्यातून एक निवडला

मुद्रितशोधक (सातारा) – मूळ लेखन

यंदाच्या (२०२४) जून महिन्यात माझ्या बँकेच्या ॲपने माझा फोन नाकारला. फोन बिघडलेला नव्हता आणि बॅटरीही दिवसभर पुरत होती. परंतु कंपनीने दोन वर्षांनंतर अँड्रॉइडची नवी आवृत्ती देणे थांबवले होते, पुढे सुरक्षेचे अपडेटही बंद झाले होते, आणि अशा जुन्या आवृत्तीवर ॲप चालणार नाही, असा संदेश एके दिवशी पडद्यावर आला. धडधाकट वस्तू केवळ कागदोपत्री म्हातारी ठरल्याचे मला मनापासून वाईट वाटले, आणि पुढचा फोन घाईने घ्यायचा नाही, असे मी त्याच दिवशी ठरवले.

माझ्या भाच्याचे मोबाइलचे दुकान आहे. त्याच्याकडे खोके उघडलेले, थोडेफार हाताळलेले फोन असतात. त्यांपैकी चार त्याने मला प्रत्येकी तीन आठवडे वापरायला दिले. आषाढी एकादशीला पहिला फोन हातात घेतला आणि चौथा दसऱ्याच्या आधी परत केला. मुद्रितशोधन करणाऱ्याच्या वर्षातला हा सर्वांत धावपळीचा काळ असतो. दिवाळी अंकांची प्रुफे याच दिवसांत येतात, पाने व्हॉट्सॲपवर पीडीएफ स्वरूपात येतात, संपादकांना दुरुस्त्या रात्रीच्या आत हव्या असतात, आणि मी निम्मे काम एसटीत किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून करते. त्यामुळे ही परीक्षा दुकानातल्या पाच मिनिटांच्या हाताळणीपेक्षा बरीच कठोर झाली.

चार फोन असे होते: नथिंग फोन २ए, सॅमसंग गॅलेक्सी ए५५, मोटोरोला एज ५० फ्यूजन आणि गूगल पिक्सेल ८ए. चारही यंदाच्या मार्च ते मे या महिन्यांत भारतात आले. आल्या वेळच्या किमती अनुक्रमे २३,९९९, ३९,९९९, २२,९९९ आणि ५२,९९९ रुपयांपासून सुरू होत्या. म्हणजे ही बरोबरीची स्पर्धा नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु घरातला माणूस दुकानात उभा राहतो तेव्हा ‘थोडे आणखी घालून वरचा घ्यावा का’ हाच प्रश्न त्याच्यापुढे असतो, आणि मला त्याचेच उत्तर हवे होते.

सुरुवातीलाच एक अडचण सांगते, कारण फोन बदलून पाहणाऱ्या प्रत्येकाला ती येईल. सिम एका फोनमधून दुसऱ्यात घातले की यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागते, ॲप त्या सिमवरून एसएमएस पाठवून खात्री करून घेते, आणि पहिले चोवीस तास ५,००० रुपयांची मर्यादा असते. पहिल्याच अदलाबदलीच्या दिवशी मला गॅसच्या शेगडीचे पैसे द्यायचे होते आणि ते रोख द्यावे लागले. त्यानंतरच्या अदलाबदली मी रविवारी केल्या.

आता मुख्य कामाकडे येते. माझी समजूत अशी होती की प्रुफे वाचण्यासाठी मोठा पडदा लागतो, आणि म्हणून ६.७ इंचांचे नथिंग आणि मोटोरोला किंवा ६.६ इंचांचा सॅमसंग यांपैकीच एक माझा होणार. तीन आठवड्यांतच ही समजूत डळमळली, म्हणून मी पट्टी घेऊन पडदे मोजले. पिक्सेलचा ६.१ इंचांचा पडदा रुंदीला सुमारे ६४ मिलिमीटर भरतो, तर ६.७ इंचांचा सुमारे ७०. इंच मोजले जातात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि वाढ मुख्यतः उंचीत होते. पान मात्र पडद्याच्या रुंदीत बसते. म्हणजे मोठ्या फोनवर अक्षर जेमतेम दहा टक्क्यांनी मोठे दिसते, आणि तेवढ्याने रफार नीट ओळखता येत नाही. पान दोन्हीकडे बोटांनी मोठे करावेच लागते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द दोन स्तंभांच्या पानावर बारीक टायपात शेजारी ठेवून पाहा. एकात समुद्र आहे आणि दुसऱ्यात डोंगरांमधल्या खोल जागा, आणि फरक आहे तो अक्षराच्या डोक्यावरच्या रफाराचा किंवा मधल्या लहानशा आडव्या वळणाचा. प्रवासवर्णनाच्या एका लेखात हा शब्द सात वेळा आला होता आणि त्यांपैकी दोन ठिकाणी चुकला होता. ती चूक मला चारही फोनांवर पान तितकेच मोठे करून पाहावी लागली.

वाचण्यात मोठ्या पडद्याचा फायदा असा थोडका निघाला. लिहिण्यात मात्र त्याचा तोटा स्पष्ट दिसला. चारही फोनांवर मी गूगलचे जीबोर्ड हे कळफलकाचे ॲपच वापरले, त्यामुळे कळफलक, सुचवले जाणारे शब्द आणि बोलून लिहिण्याची सोय सगळीकडे सारखीच होती. ‘या फोनवर मराठी चांगले लिहिता येते’ असे कोणी सांगितले तर त्यामागे बहुधा कळफलकाचे ॲप असते, फोन नसतो. फरक पडतो तो अंगठ्याच्या पोहोचीत. एका हातात पिशवी किंवा एसटीचा दांडा असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने काना, मात्रा, वेलांटी, उकार शोधायचे म्हणजे इंग्रजीपेक्षा जास्त वेळा कळफलकाच्या कडेपर्यंत जावे लागते, कारण आपल्या एका अक्षराला दोन-तीन कळा लागतात. पिक्सेलवर माझा अंगठा दुसऱ्या कडेपर्यंत सहज पोहोचत होता. सॅमसंगवर पोहोचत नव्हता, आणि शिवाय तो फोन २१३ ग्रॅमचा असल्याने तासाभराने करंगळी दुखू लागे. मोटोरोला सुमारे १७५ ग्रॅमचा, चौघांत सर्वांत हलका आणि हाताला फार सुखद होता. त्याचा वक्र काठ मात्र मला नडला, कारण पान मोठे करताना तळहाताचा भाग काठाला लागून पान सरके.

अक्षरांच्या वळणाबद्दल थोडे विषयांतर करते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मराठीसाठी ठरवून दिले, तरीही फोनवर अजून बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाचा दंडाचा ‘ल’च वाचावा लागतो. अर्थात पंधरा वर्षांपूर्वी अँड्रॉइडवर मराठीच्या जागी चौकोन दिसत, आणि आपण ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडाक्षरे चित्ररूपाने उमटवणारा पर्याय सुरू करत असू, हे ज्यांना आठवते त्यांना आजची स्थिती बरी वाटेल. मला ती पुरेशी वाटत नाही.

उन्हात वाचण्याच्या बाबतीत पिक्सेल उजवा ठरला. त्याच्या पडद्याची कमाल प्रखरता कंपनीने २,००० निट्स (प्रखरतेचे एकक) सांगितली आहे, तर ए५५ ची १,०००, आणि श्रावणातल्या पावसाच्या उघडिपीत स्थानकाच्या फलाटावर हा फरक मला सहज जाणवला. चार्जिंगमध्ये नेमके उलटे घडले. पिक्सेल १८ वॉटने सावकाश भरतो, तर मोटोरोलाला ६८ वॉटचा चार्जर खोक्यातच मिळतो, आणि आमच्याकडे वीज जाऊन परत येते तेव्हा अर्ध्या तासात फोन कामाला लागणे ही फार मोठी सोय आहे. नथिंग आणि सॅमसंगच्या खोक्यात चार्जर येतच नाही. नथिंगच्या पाठीवरचे दिवे सुंदर आहेत. फोन पालथा ठेवून काम करणाऱ्याला ते उपयोगी पडतील. कॅमेऱ्याचा माझा उपयोग छापील पानाचे फोटो काढण्यापुरताच आहे, आणि ते काम चौघांनीही चोख केले.

शेवटचा आणि माझ्यासाठी सर्वांत जड मुद्दा अपडेटचा. पिक्सेल ८ए ला सात वर्षे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेचे अपडेट मिळतील, असे गूगलने जाहीर केले आहे. ए५५ ला चार आवृत्त्या आणि पाच वर्षे सुरक्षा, तर नथिंग २ए ला तीन आवृत्त्या आणि चार वर्षे सुरक्षा असे आश्वासन आहे. जूनमधला तो संदेश पाहिल्यानंतर मला हा आकडा सर्वांत आधी दिसतो.

म्हणून माझी पसंती पिक्सेल ८ए ला आहे. पैसे अजून दिलेले नाहीत. जाणकारांना यात काही चुकते आहे असे वाटत असेल, तर ते मला आत्ता कळणे जास्त उपयोगाचे आहे.

तळकोकण – प्रतिसाद १

आपण मोजमाप करून लिहिले आहे, त्यामुळे वाचताना समाधान वाटले. परंतु दोन गोष्टी आपल्या लेखनात आलेल्या नाहीत, आणि आमच्याकडे फोन त्या दोन गोष्टींवरच निवडला जातो.

पहिली गोष्ट सिमची. पिक्सेल ८ए मध्ये प्रत्यक्ष सिम एकच बसते आणि दुसरे ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवलेले सिम, असावे लागते. आमच्या वाडीत केवळ बीएसएनएलची रेंज येते, तर बाजारपेठेत खासगी कंपनीची. बीएसएनएलचे कार्ड आत आणि दुसरे ई-सिम, अशी सोय करता येते हे खरे. परंतु फोन पाण्यात पडला किंवा पडदा गेला, तर कार्ड काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालणे हा आमचा नेहमीचा उपाय असतो, आणि ई-सिमच्या बाबतीत तो चालत नाही. ए५५ मध्ये दोन प्रत्यक्ष सिम बसतात आणि ई-सिमचीही सोय आहे. नथिंग २ए मध्ये दोन प्रत्यक्ष सिम आहेत, ई-सिम नाही.

दुसरी गोष्ट संभाषण ध्वनिमुद्रित करण्याची. माझा हापूसचा व्यवसाय आहे. एप्रिल-मे मध्ये दिवसाला साठ-सत्तर फोन येतात, पेट्यांची संख्या, पत्ता आणि भाव बोलण्यातच ठरतो, आणि बागेत उभे असताना लिहून घेणे शक्य नसते. मी समोरच्याला आरंभीच सांगून संभाषण ध्वनिमुद्रित करतो आणि रात्री ऐकून वहीत उतरवतो. गूगलचे फोन ॲप असलेल्या फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करताच दोघांनाही यांत्रिक घोषणा ऐकू येते, आणि नवा गिऱ्हाईक ती ऐकून बिचकतो. मे २०२२ पासून प्ले स्टोअरच्या नियमांमुळे इतर ॲपचा मार्गही बंद झाला. सॅमसंगच्या स्वतःच्या फोन ॲपमध्ये भारतात ही सोय घोषणेशिवाय मिळते. मी तोंडाने सांगतो ते माणसाला माणसाने सांगितल्यासारखे असते, आणि तेवढ्यासाठी मी ए५५ चे वजन आनंदाने उचलेन.

फोल्डरदुरुस्ती – प्रतिसाद २

सांगलीत गेली अकरा वर्षे माझे दुरुस्तीचे दुकान आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

सात वर्षे अपडेट मिळणार हे चांगलेच आहे, परंतु फोन सात वर्षे चालायचा तर त्याची बॅटरी किमान एकदा, बहुधा दोनदा बदलावी लागेल, आणि काच कधी ना कधी फुटेल. म्हणून घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: या कंपनीचे अधिकृत केंद्र माझ्या जिल्ह्यात आहे का, मूळ बॅटरी मिळते का, आणि फोल्डर कितीला पडतो. फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र जोड. आता तो वेगवेगळा बदलण्याचे दिवस बहुतेक संपले. ओलेड पडद्याचा, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा पडद्याचा, मूळ फोल्डर महाग असतो, आणि मध्यम किमतीच्या फोनचे मालक तो आकडा ऐकून फोन तसाच घेऊन जातात, हे मी आठवड्यातून दोनदा तरी पाहतो. स्वस्तातला नकली फोल्डर बसवला तर उन्हात दिसणे कमी होते आणि पडद्याखालचा बोटाचा ठसा ओळखण्याचे यंत्र चालेनासे होते.

वक्र पडद्यांबद्दल एक जादा सूचना. त्यांच्यावर साधी टेम्पर्ड काच बसत नाही, कड उचलते. यूव्ही काच लावावी लागते, म्हणजे पातळ डिंक ओतून तो निळ्या दिव्याखाली सुकवावा लागतो. घाईने लावताना तो डिंक स्पीकरच्या जाळीत उतरला की आवाज दबतो, आणि मग ग्राहक फोनला दोष देतो. ती काच अनुभवी हातानेच लावून घ्यावी.

आता हिशेब. पिक्सेलच्या ५२,९९९ ला सात वर्षांनी भागले तर वर्षाला सुमारे ७,५७० रुपये येतात. नथिंगच्या २३,९९९ ला चारने भागले तर ६,०००. म्हणजे अपडेटच्या वर्षांवर हिशेब केला, तरी स्वस्तातला फोन महाग ठरत नाही. त्यात बॅटरी बदलण्याचा खर्च धरला तर फरक आणखी वाढेल. ताईंनी हा हिशेब अवश्य करावा.

मुद्रितशोधक – प्रतिसाद ३

दोघांचेही आभार. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो खरा आहे. माझ्याकडे एकच क्रमांक असल्यामुळे मी ते कार्ड प्रत्यक्षच ठेवीन, ई-सिम करणार नाही. त्यामुळे माझ्यापुरती अडचण सुटते. दोन क्रमांक वापरणाऱ्यांनी मात्र तळकोकण यांचा प्रतिसाद माझ्या लेखाच्या आधी वाचावा.

हिशेबाबाबत मी हार मानते. वर्षागणिक खर्चात पिक्सेल स्वस्त पडत नाही. परंतु दर चार वर्षांनी नवा फोन घेणे म्हणजे केवळ पैसे देणे नव्हे. माझ्या कळफलकाने वर्षानुवर्षे साठवलेले शब्द, लेखकांची आडनावे, संपादकांशी झालेली जुनी संभाषणे आणि प्रुफांच्या फायली हलवण्यात माझे किमान तीन दिवस जातात, आणि आईच्या औषधांच्या गजरांपासून बँकेपर्यंत सगळे पुन्हा लावावे लागते. ते टाळण्यासाठी वर्षाला दीड हजार रुपये जास्त गेले, तर मला ते चालतील. केंद्राचा प्रश्न मात्र मी भाच्याला विचारते.

न्यू जर्सी – प्रतिसाद ४

आपण आयफोन विचारात घेतला नाही हे समजले, तरीही एक सावधगिरीची सूचना लिहितो, कारण या चर्चेतली सिमची गोष्ट आम्हा परदेशस्थांना जास्त लागू होते. येथून घरी जाताना आई-वडिलांसाठी आयफोन नेण्याची आमच्याकडे पद्धत आहे. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये प्रत्यक्ष सिमचा कप्पाच नाही, ते पूर्णतः ई-सिमवर चालतात. मी गेल्या वर्षी वडिलांसाठी असा एक फोन पुण्याला नेला. त्यांचा क्रमांक वीस वर्षांपासूनचा, बँक, निवृत्तिवेतन आणि आधार त्याच्याशी जोडलेले, आणि तो ई-सिमवर नेण्यासाठी जो एसएमएस पाठवायचा तो त्यांच्या जुन्या फोनवरून आधी पाठवायला हवा होता, हे आम्हाला कार्ड काढून ठेवल्यावर कळले. दोन दिवस त्यांचा क्रमांक कोणत्याच फोनवर नव्हता आणि ते फार अस्वस्थ झाले. ज्येष्ठांसाठी फोन न्यायचा असेल तर भारतातच घेऊन द्यावा, असे मी आता सर्वांना सांगतो.

जुना वाचक – प्रतिसाद ५

आपण निवडलेले चारही फोन ओलेड पडद्याचे आहेत. हे पडदे मंद प्रकाश दाखवण्यासाठी अतिशय वेगाने उघडझाप करतात. बहुतेकांना ती जाणवत नाही; मला जाणवते, आणि रात्री पडदा मंद करून अर्धा तास वाचले की कपाळ दुखू लागते. आपले काम रात्रीचेही आहे, म्हणून विचारतो: तीन आठवड्यांत डोळ्यांना काही त्रास झाला का? ज्यांना असा त्रास होतो त्यांनी पडदा फार मंद न करता खोलीतला दिवा लावून वाचावे किंवा साधा एलसीडी पडद्याचा फोन शोधावा. त्याची निवड आता फार कमी उरली आहे, याचे मला दुःख आहे.

मुद्रितशोधक – प्रतिसाद ६

जुना वाचक, आपला प्रश्न वाचल्यावर मी भाच्याकडून पिक्सेल आणखी चार रात्रींसाठी मागून आणला आणि मुद्दाम दिवा बंद करून शेवटच्या फर्म्याची (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाची) प्रुफे त्यावर वाचली. कपाळ दुखले नाही, परंतु दुसऱ्या रात्री डोळे कोरडे वाटले, म्हणून तिसऱ्या रात्री ओट्यावरचा दिवा लावून वाचले आणि बरे वाटले. हे माझ्या डोळ्यांपुरते आहे. आपण म्हणता तसा त्रास ज्यांना आहे, त्यांनी विकत घेण्याआधी किमान दोन रात्री तरी फोन घरी आणून वाचून पाहावा.

भाच्याने केंद्राची चौकशी केली. पिक्सेलचे सर्वांत जवळचे अधिकृत केंद्र आमच्यासाठी पुण्यात आहे, म्हणजे बॅटरी बदलायची तर एक दिवस जाणार. सॅमसंगचे केंद्र गावातच आहे. या एका गोष्टीवर मी दोन दिवस अडले होते. शेवटी मी असे ठरवले की सात वर्षांत दोन दिवस पुण्याला जाणे मला जमेल, परंतु रोज दुखणारी करंगळी मला जमणार नाही.

काल पिक्सेल ८ए घेतला. नव्या फोनवर सर्वांत आधी कळफलकाच्या वैयक्तिक शब्दकोशात ‘दऱ्या’ हा शब्द घातला, आणि मग उरलेल्या अकरा पानांच्या दुरुस्त्या एसटीतूनच पाठवल्या.